मणक्यात पसरलेला कॅन्सर आणि त्यावरच्या ट्रायल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. कॅन्सरच्या ट्रायलमध्ये, म्हणजे उपचार रुग्णांवर तपासून बघणाऱ्या अभ्यासांत, समन्वयक म्हणून काम करते. संमतीपत्रावर सही होण्याआधी रुग्ण आणि घरची माणसं समोर बसून जे विचारतात, त्याला समजेल अशा भाषेत उत्तर देणं हा माझा रोजचा उद्योग. तेच प्रश्न इथे लिहिलेत. निम्म्याहून जास्त उत्तरं शेवटी एका उलट प्रश्नाशी येऊन थांबतात: त्या अभ्यासात नेमकं काय मोजलं होतं? चालणं, दुखणं, की आयुष्य? वाचताना तो प्रश्न हाताशी ठेवा.

मणक्यात पसरलाय, म्हणजे आता हाडांचा कॅन्सर झाला का?

नाही. स्तनाचा कॅन्सर मणक्यात गेला तरी तो स्तनाचाच राहतो. पेशी त्याच असतात, फक्त बिऱ्हाड बदललेलं असतं. म्हणून औषधंही मूळ जागेच्या कॅन्सरची चालतात. स्तन, प्रोस्टेट आणि फुप्फुस या तीन ठिकाणांहून मणक्याकडे जास्त प्रमाणात जातो, मग मूत्रपिंड आणि थायरॉइड. हाडांमध्ये सगळ्यात जास्त वेळा गाठला जातो तो कणाच, आणि त्यातही पाठीचा मधला, बरगड्या जोडलेला भाग. कण्याभोवती शिरांचं एक जाळं आहे. त्या शिरांना झडपा नाहीत, त्यामुळे ओटीपोटातलं रक्त उलट्या दिशेनेही तिथे पोचू शकतं. शरीररचनाशास्त्रज्ञ बॅट्सन यांनी १९४० मध्ये हे दाखवलं. प्रोस्टेटचा कॅन्सर कण्यातच का दिसतो, याचं काही अंशी उत्तर त्यात आहे.

पाठ तर सगळ्यांचीच दुखते. धावपळ कधी करायची?

कॅन्सर होऊन गेलेल्या किंवा असलेल्या माणसाची पाठ नव्याने दुखायला लागली, आडवं झाल्यावर किंवा रात्री जास्त दुखली, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटलं, तर पुढच्या तपासणीची तारीख यायची वाट बघू नका, लगेच कळवा. पायात जोर कमी वाटणं, जिना चढताना गुडघा दुमडणं, चप्पल पायातून निसटलेली न कळणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी इमर्जन्सी गाठायची. मज्जारज्जू दाबला जातोय का हे एमआरआयवर कळतं, आणि एमआरआय पूर्ण कण्याचा करतात, कारण दुसरी जागाही सापडू शकते.

इतकी घाई कशासाठी? उपचाराच्या वेळी जो चालत असतो तो बहुधा पुढेही चालतो. ज्याचे पाय आधीच गेलेत त्याचे परत येण्याची शक्यता बरीच कमी असते. या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक अभ्यासात हे दिसलंय. उपचार कुठला यावर तज्ज्ञ वाद घालतील, वेळेवर कुणी घालत नाही.

गाठ आहे तर ऑपरेशन करून काढून का टाकत नाहीत? ऑपरेशनचा उपयोग सिद्ध झालाय का?

याला एक इतिहास आहे आणि तो सांगितल्याशिवाय उत्तर नीट लागत नाही.

पूर्वी ऑपरेशन म्हणजे लॅमिनेक्टॉमी. पाठीमागून मणक्याची कमान काढायची आणि मज्जारज्जूला मोकळं करायचं. पण गाठ असते बहुतेक वेळा पुढे, मणक्याच्या मुख्य भागात. म्हणजे पुढची भिंत पोखरलेली असताना मागची भिंतही पाडायची. दाब पुरता जायचा नाही आणि कणा मात्र डळमळीत व्हायचा. १९८० मध्ये २९ रुग्णांवरचा एक छोटा तुलनात्मक अभ्यास आला. लॅमिनेक्टॉमी आणि रेडिएशन विरुद्ध नुसतं रेडिएशन. फरक दिसला नाही. त्यानंतर बरीच वर्षं ऑपरेशन मागे पडलं आणि रेडिएशन हाच पहिला मार्ग राहिला.

मग तंत्र बदललं. गाठ जिथे आहे तिथूनच गाठायची, मज्जारज्जू चहूबाजूंनी मोकळा करायचा आणि स्क्रू-रॉड लावून कणा तिथेच पक्का करायचा. याची कसोटी पॅचेल आणि सहकाऱ्यांनी घेतली आणि निकाल २००५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. १०१ रुग्ण. अर्ध्यांना ऑपरेशन आणि मग रेडिएशन, अर्ध्यांना फक्त रेडिएशन. उपचारानंतर चालू शकणारे पहिल्या गटात ८४ टक्के, दुसऱ्यात ५७. चालण्याची ताकद टिकली ती पहिल्या गटात मध्यक (निम्मे याच्या वर, निम्मे खाली) १२२ दिवस, दुसऱ्यात १३ दिवस. आधीच चालणं बंद झालेले प्रत्येक गटात १६ जण होते. ऑपरेशनवाल्यांपैकी १० परत चालले, रेडिएशनवाल्यांपैकी ३. मधल्या आढाव्यातच फरक इतका स्पष्ट होता की ट्रायल वेळेआधी थांबवली.

आता त्याचा दुसरा अर्धा भाग, जो ऐकायला घरचे थांबत नाहीत. त्या ट्रायलमध्ये कुणाला घेतलंच नव्हतं? ज्यांचे पाय पूर्ण जाऊन ४८ तासांपेक्षा जास्त झाले होते त्यांना. ज्यांना एकापेक्षा जास्त ठिकाणी दाब होता त्यांना. ज्यांचं आयुष्य तीन महिन्यांपेक्षा कमी वाटत होतं त्यांना. लिम्फोमा, मायलोमासारखे रेडिएशनने झटकन विरघळणारे कॅन्सर असलेल्यांना. म्हणजे ८४ टक्के हा आकडा मणक्यातल्या सगळ्या रुग्णांचा नाही, निवडलेल्यांचा आहे. सर्जन नाही म्हणतात तेव्हा ते पुष्कळदा हेच डोक्यात ठेवून म्हणतात.

मग ऑपरेशन कुणाला, हे ठरवतात कसं?

चार गोष्टी एकत्र बघतात: मज्जारज्जूवर किती दाब आहे, हा कॅन्सर रेडिएशनला किती दाद देतो, कणा मजबूत आहे का, आणि माणूस एकूण कितपत सोसू शकेल.

मजबुतीसाठी २०१० पासून 'सिन्स' नावाची गुणपद्धती वापरतात, ० ते १८. सहापर्यंत स्थिर, ७ ते १२ संशयास्पद, १३ पासून पुढे अस्थिर. यात मला आवडणारी गोष्ट म्हणजे स्कॅनच्या बरोबरीने एका साध्या प्रश्नाला गुण आहेत: उठल्या-बसल्यावर दुखतं आणि आडवं झाल्यावर थांबतं का? तसं असेल तर मणका भार पेलत नाहीये, आणि मोडलेला खांब रेडिएशनने सरळ होत नाही.

हल्ली अनेक ठिकाणी सर्जन पूर्ण गाठ काढायच्या मागे लागत नाहीत. मज्जारज्जू आणि गाठ यांच्यात थोडीशी फट करतात, कणा बांधतात, जखम भरायला साधारण दोन ते चार आठवडे देतात आणि उरलेली गाठ अचूक रेडिएशनवर सोपवतात. फट मिलिमीटरमध्ये मोजायची असते. पण ती नसेल तर मज्जारज्जूला भाजल्याशिवाय गाठीला पुरेसा डोस देताच येत नाही.

आम्हाला एकाच दिवसाचं रेडिएशन सांगितलंय. शेजारच्या खाटेवरच्यांना दहा दिवस. आमच्यावर पाणी सोडलंय का?

हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारत नाही. बाहेर कॉरिडॉरमध्ये, माझ्या कानात विचारतात.

नाही, पाणी सोडलेलं नाही. हाडाच्या दुखण्यासाठी ८ ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोस दुखणं तितकंच कमी करतो, हे अनेक ट्रायलमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. १९९९ च्या एका डच ट्रायलमध्ये तर हजाराहून जास्त रुग्ण होते. तोटा एक आहे. एका डोसवाल्यांना त्याच जागी पुन्हा रेडिएशन द्यायची वेळ जास्त वेळा येते.

मज्जारज्जू दबलेल्यांसाठी 'स्कोरॅड' ही ट्रायल झाली, निकाल २०१९ चा. ६८६ रुग्ण, एका दिवसात ८ ग्रे विरुद्ध पाच दिवसांत २० ग्रे. आठ आठवड्यांनी चालू शकणारे ६९.३ टक्के आणि ७२.७ टक्के. आधी ठरवलेल्या गणिती निकषावर 'एक डोस कमी नाही' असं म्हणायला ही ट्रायल केसभर कमी पडली. ज्या माणसाकडे काही आठवडेच आहेत त्याला मात्र हा साडेतीन टक्क्यांचा फरक आणि चार जास्त फेऱ्या यांचा हिशेब वेगळा दिसतो. त्या ट्रायलमधलं मध्यक आयुष्य साधारण तीन महिन्यांचं होतं. स्ट्रेचरवरून गाडीत, गाडीतून टेबलावर, आणि टेबलावर पाठ टेकताना कळ. एक फेरी म्हणजे काय हे ज्यांनी सोबत केली त्यांना माहीत आहे.

नव्या मशीनचं नेमकं रेडिएशन जुन्यापेक्षा चांगलंच ना?

उत्तर हो म्हणून दिलं तर एक मोठी ट्रायल माझ्या बाजूने, नाही म्हटलं तर दुसरी.

नेमकं रेडिएशन म्हणजे स्टिरिओटॅक्टिक, एसबीआरटी. डोस मोठा, दिवस कमी, आणि गाठीच्या कडेपासून मज्जारज्जूपर्यंतच्या काही मिलिमीटरमध्ये डोस कड्यासारखा खाली आणलेला. रुग्णाला हवा काढून घट्ट होणाऱ्या गादीत निजवतात, ती शरीराचा साचा घेते. मग टेबलावरच स्कॅन, जागा एक-दोन मिलिमीटरने सरकली तर टेबल हलवून दुरुस्ती, आणि मग किरण. बराच वेळ हालचाल न करता पडून राहावं लागतं. ज्याला दहा मिनिटंही उताणं झोपवत नाही त्याला आधी दुखण्याचं औषध नीट बसवावं लागतं, हे वेळेवर आठवलं नाही की सगळं वेळापत्रक कोसळतं.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या 'एससी २४' ट्रायलचे निकाल २०२१ मध्ये आले. २२९ रुग्ण, दोन दिवसांत २४ ग्रे नेमकं, विरुद्ध पाच दिवसांत २० ग्रे नेहमीचं. तीन महिन्यांनी दुखणं पूर्ण थांबलेले ३५ टक्के विरुद्ध १४. सहा महिन्यांनीही फरक टिकून.

मग २०२३ मध्ये अमेरिकेतली 'आरटीओजी ०६३१' आली. एकाच दिवशी १६ किंवा १८ ग्रे नेमकं, विरुद्ध ८ ग्रे नेहमीचं. इथे नेमक्या रेडिएशनने बाजी मारली नाही. तीन महिन्यांनी दुखण्यात पुरेसा उतार पडलेले त्या गटात सुमारे ४१ टक्के आणि नेहमीच्या गटात सुमारे ६०.

खोटं कुणीच बोलत नाहीये. एकीत दुखणं शून्यावर आलं का, हे मोजलं. दुसरीत दहाच्या पट्टीवर निदान तीनाने उतरलं का, हे. डोस वेगळे, दिवस वेगळे. माझं स्वतःचं मत विचाराल तर: फक्त दुखण्यासाठी आणि थोड्या दिवसांसाठी साधं रेडिएशन पुष्कळ आहे. मूत्रपिंडासारखे साध्या रेडिएशनला न जुमानणारे कॅन्सर, त्याच जागी दुसऱ्यांदा द्यायची वेळ, किंवा रोग मोजक्याच ठिकाणी असून आयुष्याची आशा बरीच असणं, अशा वेळी नेमक्याचा आग्रह समजू शकतो. नव्या मशीनचं नाव ऐकून गाव बदलायला निघालेल्यांना मी आधी एवढंच विचारायला सांगते: आमच्या केसमध्ये त्यातून काय वेगळं मिळेल?

मोठ्या डोसचा एक धोका सहीच्या आधी माहीत हवा. मणका दबून मोडू शकतो. एका दिवसाचा डोस जितका मोठा, तितकी ही भीती जास्त.

रेडिएशननंतर दुखणं उलट वाढलं. चुकलं का काही?

बहुधा नाही. पहिल्या काही दिवसांत दुखणं उसळतं आणि मग उतरतं. ८ ग्रेच्या एका डोसबरोबर पाच दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिल्यास ही उसळी काही जणांत टळते, असं २०१५ च्या एका ट्रायलमध्ये दिसलं: ३५ टक्क्यांऐवजी २६. पण पाय जड झाले असतील तर त्याला उसळी समजून घरी थांबायचं नाही.

स्टेरॉइड जास्त दिलं तर जास्त फायदा?

मज्जारज्जूची सूज उतरवायला डेक्सामेथासोन देतात. १९९४ च्या छोट्या ट्रायलमध्ये रोज ९६ मिलिग्रॅमचा मोठा डोस घेणारे जास्त संख्येने चालते राहिले, पण काहींना गंभीर दुष्परिणाम झाले. सुरुवातीच्या डोसची तुलना करणाऱ्या दुसऱ्या अभ्यासात १० आणि १०० मिलिग्रॅममध्ये फरक दिसला नाही. आता बहुतेक ठिकाणी रोज १६ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवतात. साखर वाढते, झोप उडते, माणूस चिडचिडा होतो. आणि मनाने बंद करायचं नाही, उतरवत आणायचं असतं.

मणक्यात सिमेंट भरतात म्हणे?

हो. सुईने मोडक्या मणक्यात हाडाचं सिमेंट सोडतात; आधी फुग्याने जागा केली तर त्याला कायफोप्लास्टी म्हणतात. २०११ च्या 'केफ' ट्रायलमध्ये कॅन्सर आणि मोडलेले मणके असे १३४ रुग्ण होते. पाठीमुळे रोजच्या कामांत होणारी अडचण २४ गुणांवर मोजली. एका महिन्यात कायफोप्लास्टीवाल्यांचा आकडा १७.६ वरून ९.१ वर आला, ती न केलेल्या गटाचा १८.२ वरून १८.० वर. इतका स्वच्छ फरक या क्षेत्रात क्वचित दिसतो. मात्र इथे कुणाला काय दिलंय हे रुग्णांना ठाऊक होतं, आणि त्याचा परिणाम सांगण्यावर होतोच. मज्जारज्जू दबलेला असेल तर नुसतं सिमेंट हा त्यावरचा इलाज नाही.

काही त्रास नसताना उपचार कशाला?

याच्यावर संशोधन आत्ता चालू आहे आणि मला सगळ्यात उत्सुकता याचीच आहे.

२०२४ मध्ये एका टप्पा-दोनच्या ट्रायलचा निकाल छापून आला. ७८ रुग्ण, त्यांच्या हाडांतल्या १२२ जागा. दुखत नव्हत्या, पण मोडण्याचा किंवा दाबण्याचा धोका जास्त. काहींना आधीच रेडिएशन, काहींना नेहमीची काळजी. वर्षभरात हाड मोडणं, मज्जारज्जू दबणं यांसारखी घटना रेडिएशन दिलेल्या ६२ पैकी एका जागी घडली, न दिलेल्या ४९ पैकी १४ जागी. सगळ्या जागा कण्यातल्या नव्हत्या आणि ट्रायल लहान होती. मोठ्या ट्रायलमध्ये हेच दिसलं तर 'दुखल्यावर या' हा सल्ला बदलावा लागेल.

पण नुसतं आधी शोधणं पुरत नाही. प्रोस्टेटच्या ४२० रुग्णांवरच्या 'प्रॉम्प्ट्स' ट्रायलमध्ये, निकाल २०२२ चा, लक्षणं नसताना कण्याचा एमआरआय करून लवकर उपचार केले. वर्षभरात मज्जारज्जू दबण्याचं प्रमाण असा एमआरआय न केलेल्या गटात ६.७ आणि केलेल्या गटात ४.३ टक्के दिसलं, पण हा फरक योगायोगाच्या पलीकडचा आहे असं म्हणता आलं नाही.

हाडं बळकट करायचं इंजेक्शन घेतलं की मणके सुरक्षित?

झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आणि डेनोसुमॅब यांनी हाड मोडण्यासारख्या घटना पुढे ढकलल्या जातात, टळतातच असं नाही. २०१७ च्या एका मोठ्या ट्रायलमुळे एक दिलासा मिळाला: झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड दर चार आठवड्यांऐवजी दर बारा आठवड्यांनी दिलं तरी निकाल तितकाच चांगला. सुरू करण्याआधी दात तपासून घ्या. औषध चालू असताना दात काढला तर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा धोका असतो. दंतवैद्याकडे जायचं राहिलं म्हणून इंजेक्शन लांबलेले रुग्ण मला दर महिन्याला भेटतात.

ट्रायलमध्ये नुकसानही होऊ शकतं का?

होऊ शकतं. रेडियम-२२३ या किरणोत्सारी औषधाचं उदाहरण घ्या. हाडांत पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये त्याने आयुष्य वाढवलं, ११.३ महिन्यांवरून १४.९, असा २०१३ चा निकाल होता. मग साहजिक विचार आला: अ‍ॅबिराटेरोन या दुसऱ्या चांगल्या औषधाबरोबर दिलं तर? त्या ट्रायलमध्ये हाडं मोडण्याचं प्रमाण ११ ऐवजी २९ टक्के झालं. बाहेरची समिती आकड्यांवर नजर ठेवून होती, म्हणून ते वेळेत उघड झालं. अशी स्वतंत्र समिती तुमच्या ट्रायलवर आहे का, हा विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

उपचार चिठ्ठी टाकून ठरवता? हा माणसाच्या जिवाशी खेळ नाही का?

राग समजतो. संगणक गट ठरवतो, डॉक्टरही नाही. पण दोनपैकी कुठलं चांगलं हे खरोखरच ठाऊक नसेल, तरच अशी ट्रायल करायला परवानगी मिळते. वरची दोन रेडिएशनची उदाहरणं पुन्हा बघा. निकाल येण्याआधी कुठल्याही तज्ज्ञाने छातीठोक सांगितलं असतं, आणि एका बाबतीत तरी तोंडावर पडला असता. मज्जारज्जू दबलेल्या रुग्णाला काहीच न देता बसवून ठेवलंय, असं या ट्रायलमध्ये होत नाही. दोन्ही गटांना उपचार मिळतो.

आम्ही तयार होतो, तरी घेतलं नाही.

निकषात बसला नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. रक्तपेशी कमी असणं, त्याच जागी आधी रेडिएशन झालेलं असणं, पेसमेकरमुळे एमआरआय न होणं, कारणं अशी असतात. कुठल्या निकषामुळे ते विचारा, आणि कागदावर मागा. दुसऱ्या ट्रायलचा तो निकष वेगळा असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या पोर्टलवर वेगवेगळ्या देशांच्या नोंदण्या एकत्र शोधता येतात. कुठेच नोंदणी नसलेल्या 'ट्रायल'साठी कुणी पैसे मागत असेल तर उठून यावं.

मध्येच सोडता येते?

कधीही. कारण न सांगता. नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

दर वेळी 'शून्य ते दहात किती दुखतंय' असं काय विचारता?

कारण तो आकडाच निकाल आहे. मागे एक आजोबा होते. मी विचारलं की मुलगा उत्तर द्यायचा, "आठ लिहा." आजोबा मान हलवायचे. एकदा मुलगा पार्किंगला गेला होता, तेव्हा हळूच म्हणाले, "चार. पण त्याच्यासमोर चार म्हटलं तर तो गोळ्या कमी करायला सांगेल." त्या दिवसापासून मी हा प्रश्न विचारताना नातेवाइकांना बाहेर बसवते. गोळ्या किती घेतल्या हेही त्याच कारणासाठी विचारते. गोळ्या दुप्पट करून आलेला चार आणि गोळ्या बंद होऊन आलेला चार हे दोन वेगळे निकाल आहेत.

रुग्ण ट्रायल चालू असतानाच गेला, तर त्याची माहिती फुकट जाते का?

नाही. तो ज्या गटात होता त्याच गटात शेवटपर्यंत मोजला जातो, उपचार अर्धवट राहिला असला तरी. किती दिवस चालला, कधी चालणं थांबलं, ती नोंद तशीच राहते. ठरलेल्या तारखेचा फोन आम्ही करतो तेव्हा कधी कधी घरून कळतं की ते मागच्या आठवड्यात गेले. त्यानंतर मला एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि तो विचारू का, हे आधी विचारून मगच विचारते: शेवटचं कधी चालले होते? बहुतेकांना तारीख पाठ असते.